टिंबाआडचं फोल्डर

गुरुजींनी कीबोर्ड बाईंच्या पुढ्यात सरकवला.

"चालवा तुमचा नवा प्रोग्राम माझ्याच फोल्डरवर. होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष!"

गुरुजी म्हणजे ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रामर. येईल-जाईल त्याला शिकवायची खोड, म्हणून हे नाव. बाई सहा महिन्यांपूर्वी लागल्या होत्या, आणि त्यांना कायम करायचं की नाही, हे साहेब आज गुरुजींना विचारून ठरवणार होते. गुरुजींचं मत ठरलेलं होतं. शहाणी माणसं त्यांना सोसत नसत, आणि बाई भलत्याच शहाण्या होत्या.

काम तसं साधं. सी भाषेतला प्रोग्राम, फोल्डर उघडून आतली नावं छापणारा. आत आणखी फोल्डर सापडलं की त्यातही शिरायचं, पार तळापर्यंत. मेख एकच. प्रत्येक फोल्डरमध्ये दोन नावं असतातच: एक टिंब म्हणजे ते स्वतः, दोन टिंबं म्हणजे त्याचा बाप, ज्याच्या आत ते आहे ते फोल्डर. ती वगळली नाहीत, तर प्रोग्राम घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत बसतो. जुना प्रोग्राम गुरुजींचा होता. तो रोज बाई चालवत, आणि महिनाभर यादी अपुरी पडली तेव्हा बोलणीही बाईंनीच खाल्ली होती.

"टिंबाने सुरू होणारं सगळं वगळलंत ना?"

"नाही हो. ती दोनच. बाकीच्या लपवलेल्या फायली यादीत यायलाच हव्यात. जुन्या प्रोग्रामात त्या गळत होत्या म्हणून तर यादी अपुरी पडायची."

गुरुजींचा हात पुढे झाला, पण बाईंनी एंटर दाबलं होतं.

नावं भराभरा वर सरकली आणि थांबली. तळाशी, नावाआधी टिंब लावून लपवलेलं एक फोल्डर होतं: 'बाईंच्या चुका'. त्याखाली सतरा फायली. शेवटची होती '१७ यादी अपुरी, बाईंचा निष्काळजीपणा'.

गुरुजींचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना. बाईंनी सतराही नावं सावकाश वाचली.

"साहेब यायला दहा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "मी चहा घेऊन येते."

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. पुसून टाकायला सवड दिलीय, हे कळलं तेव्हा गुरुजींना आणखीच लाज वाटली. फोल्डर पुसायची आज्ञा त्यांनी टाइपही केली, पण एंटर काही दाबवेना.

दार उघडलं. साहेब आले, मागून चहा घेऊन बाई.

"काय गुरुजी, झाली का यादी?" साहेब पडद्यावर वाकले. "हे काय? बाईंच्या चुका?"

"मीच मागितल्या होत्या लिहून," बाई पटकन म्हणाल्या. "शिकायला बऱ्या पडतात." कप ठेवताना बशी वाजली.

"अरे वा! मग काय गुरुजी, कायम करायचं ना यांना?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाईंनी सगळ्यावर पांघरूण घातलंच होतं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"करायचं," ते म्हणाले. "पण साहेब, यांनी काही मागितलं नव्हतं. मीच लपवून लिहीत होतो. आणि सतरावी चूक तर माझी आहे."

मग बाईंनी एक कप गुरुजींच्या पुढ्यात सरकवला. तो उचलायला त्यांचा हात होईना.