हिरव्या दिव्याचा पेला

घरातलं म्हातारं माणूस पुरेसं पाणी पीत नाही, ही तक्रार तुमच्याही घरी कधीतरी झालीच असेल. सकाळी भरून ठेवलेली बाटली संध्याकाळी तशीच उचलायची, आणि विचारलं की एकच उत्तर ऐकायचं, "तहानच लागत नाही बघ." नानांच्या घरीही तेच चाललं होतं.

फरक इतकाच, की नानांची सून नुसती कुरकुर करून गप्प बसणारी नव्हती. विजेवर चालणाऱ्या घरगुती वस्तूंची नवी नवी रूपं शोधणं हेच तिचं काम होतं. वस्तू बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ती कशी दिसेल, हातात कशी बसेल, हे ती आधी कागदावर आणि मग नमुन्यात उतरवायची. घडी करून खिशात घालता येणारा टेबलदिवा, भिंतीला चिकटणारा रेडिओ अशी तिची चित्रं ऑफिसात साहेबांच्या खोलीत लावलेली होती.

तिने नानांसाठी एक पेला केला. पेल्याच्या तळाशी दिवा होता. वेळेवर पाणी संपलं की दिवा हिरवा व्हायचा, नाहीतर लाल. बराच वेळ पेला कुणी उचललाच नाही तर तो किणकिणायचा, आणि तरीही कुणी दाद दिली नाही तर सुनेच्या फोनवर निरोप जायचा. दिव्याचा रंग आणि रोज किती पाणी संपलं याचा आलेखही तिला त्याच फोनवर दिसायचा.

"म्हणजे आता पेलाही मला रागावणार?" नानांनी विचारलं.

"रागावणार नाही हो नाना, फक्त आठवण करून देणार."

"जन्मभर पोरांना नद्यांची नावं पाठ करायला लावली," एकेकाळी भूगोलाचे मास्तर असलेले नाना म्हणाले, "त्याची शिक्षा दिसतेय ही!"

दोघंही हसले. सुरुवातीचे दिवस दिवा सारखा लाल व्हायचा. सूनबाई ऑफिसातून फोन करायची, "नाना, घोटभर घ्या बरं." नाना "हो हो" म्हणायचे. मग एकाएकी सगळं सुरळीत झालं. रोज हिरवा दिवा! कामासाठी परगावी असलेला नवरा पूर्वी फोनवर "बाबा कसे आहेत?" असं विचारायचा. आता तो विचारू लागला, "दिवा हिरवा आहे ना?" तिने हो म्हटलं की विषय संपायचा.

साहेब तर खूशच झाले. नव्या कल्पनांचं मोठं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. "तुझ्या सासऱ्यांचा हा आलेख म्हणजे आपलं हुकमाचं पान आहे," ते म्हणाले. "तोच पहिल्यांदा दाखवायचा."

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, तुमच्या खिडकीतून पाणी पडतंय. माझे वाळत घातलेले कपडे पुन्हा ओले होतात!" सूनबाईला वाटलं, एसी गळत असेल. मेकॅनिक येऊन बघून गेला, म्हणाला मशीन ठणठणीत आहे. प्रदर्शनाच्या धावपळीत ती गोष्ट तिच्या डोक्यातून निघूनच गेली.

सुट्टीचा दिवस होता. सूनबाई आपल्या खोलीत प्रदर्शनाची तयारी करत बसली होती. भिंतीपलीकडून नानांचं पुटपुटणं ऐकू आलं. मग थोड्या वेळाने पुन्हा. ती उठणार होती. पण हात आधी फोनकडे गेला. दिवा हिरवा. त्याखाली अक्षरं, "आजचा दिवस छान!" ती पुन्हा कामाला लागली.

दुपारी आक्का आल्या. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. पलीकडच्याच गल्लीत राहायच्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याची भीडभाड ठेवायच्या नाहीत. त्या सरळ भावाच्या खोलीत गेल्या आणि दुसऱ्याच क्षणी त्यांची हाक आली.

"अगं, इकडे ये आधी! हा मला ओळखत नाहीये!"

नाना पलंगावर आडवे पडले होते. अंग तापलेलं, ओठ सुकून फुटलेले. ते वर्गातल्या कुठल्याशा मुलाला जागेवर बसायला सांगत होते. शेजारच्या टेबलावर रिकामा पेला हिरवागार चमकत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "अंगातलं पाणी पार कमी झालंय. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झालाय. किती दिवस पाणी नीट पीत नाहीत हे?"

"पीत होते हो! हे बघा ना," सूनबाईने फोन पुढे केला. "रोज हिरवा..."

"मी पेशंटकडे बघतेय आणि तुम्ही फोनकडे बघताय," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या आणि नर्सला सलाईन लावायला सांगून पुढे गेल्या.

बाहेरच्या बाकावर सूनबाई सुन्न होऊन बसली. आता तिला खालच्या बाईंचे ओले कपडे आठवले. पेल्यातून पाणी गेलं, एवढंच पेल्याला कळत होतं. ते नानांच्या घशात गेलं की खिडकीबाहेर, हे त्याला कुठून कळणार?

"मी त्यांच्या भल्यासाठीच केलं ना आक्का?" शेजारी बसलेल्या आक्कांना तिने विचारलं. "मग ते असं का वागले?"

"तू विचारलंस त्याला, पाणी का पीत नाही म्हणून?"

"विचारलं की. म्हणाले, तहान लागत नाही."

"आणि तू ते ऐकून पेला करायला बसलीस." आक्कांचा आवाज चढला नाही, पण शब्द टोचले. "अगं, माणूस पहिल्यांदा विचारल्यावर जे सांगतो ते उत्तर नसतं. ती टाळाटाळ असते. जवळ बसावं लागतं. तू हुशार आहेस, मन लावून वस्तू करतेस, सगळं कबूल. पण त्याची अडचण काय हे तुझं तूच ठरवलंस. आणि एकदा दिवा लागल्यावर त्याच्या तोंडाकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. तुला नाही आणि माझ्या त्या भाच्यालाही नाही."

"मग मी काय करू?"

"तो शुद्धीवर आला की विचार. आणि विचारून झालं की गप्प बस. तो बोलेपर्यंत."

नाना भानावर यायला वेळ लागला. त्या दिवशी सूनबाई फोन बंद करून त्यांच्या पलंगाजवळ बसली. "नाना, पाणी का नको वाटतं?" तिने विचारलं.

"तहान लागत नाही गं."

ती काहीच बोलली नाही. खूप वेळ गेला. नाना भिंतीकडे बघत राहिले आणि मग तसंच बघत बोलू लागले.

"पेला यायच्या आधी एकदा घरी कुणी नव्हतं. संडासात बसलो आणि उठताच येईना. गुडघ्यांनी साथच सोडली. धरायला काही नाही. किती वेळ तसाच बसून होतो कोण जाणे. शेवटी भिंतीला रेटून उठलो. हाक मारावी तर तू घरी आलेली असशील की नाही, आणि आलेली असलीस तरी... सुनेला कशी हाक मारायची तिथून? म्हटलं, पाणीच कमी प्यावं, म्हणजे जावं लागणार नाही. तुझा पेला वाजायचा. तुझा फोन यायचा. तू एवढं कौतुकानं केलेलं. लाल दिवा बघून तू हिरमुसायचीस. म्हणून मग खिडकीतून ओतायला लागलो."

सूनबाईने त्यांचा हात हातात घेतला. तिला रडू आवरेना. अरे देवा! ज्या माणसाला सांभाळायला निघालो, त्यालाच आपलं मन सांभाळायला लावलं! आणि हवं काय होतं त्याला? भिंतीला एक दांडी!

नवरा सुट्टी काढून आला. खाली मान घालून त्याने आक्कांचं सगळं ऐकून घेतलं आणि प्लंबरला बोलावून नाना घरी यायच्या आत संडासात दोन्ही बाजूंना धरायला दांड्या आणि उंच बैठक बसवून घेतली.

ऑफिसात साहेबांनी आलेख मागितला. सूनबाई म्हणाली, "तो खोटा आहे, साहेब. पेला बिघडला नव्हता. पण तो आलेख खोटा आहे." तिने सगळं सांगितलं.

साहेब कळवळले, पण क्षणभरच. "हे घरातलं झालं. प्रदर्शनात कोण विचारणार आहे?"

"कुणी विचारणार नाही. तीच तर भीती आहे. शंभर घरांतली मुलं हिरवा दिवा बघतील आणि शेजारच्या खोलीत जाणार नाहीत. माझ्या नावाने हा पेला मांडू नका."

पेला प्रदर्शनात गेला नाही. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी वस्तू गेली. साहेब बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

नाना घरी आले, पण पूर्वीचे नाना नव्हेत. काठी लागली, मधूनच शब्द हरवू लागले. गेलेली ताकद सगळी परत आली नाही, आणि ते सूनबाईच्या मनाला रोज लागत राहिलं. पुढचं काम हातात घेण्याआधी ती वृद्धांच्या घरी जाऊ लागली. कागद नाही, पेन्सिल नाही. नुसती बसायची आणि ऐकायची.

वाचकहो, नवी वस्तू करणं वाईट नाही. ती विकत घेणंही वाईट नाही. पण आपल्या माणसाची चौकशी यंत्रावर सोपवून आपण मोकळे होतो, तिथे चूक होते. यंत्र आकडा सांगेल, दिवा लावेल. लाज, भीती, संकोच त्याला दिसणार नाहीत. ते बघायला आपल्यालाच उठावं लागेल. तेव्हा आज हे वाचून झालं, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. "तुम्हाला काय अडतं?" एवढंच विचारा, आणि ते बोलेपर्यंत उठू नका!