मावशीने न पाठवलेले उत्तर

मित्रांनो, माझ्या मागे सहा वर्षे एक पत्र खोचलेले होते. तेवढा काळ त्याचे उत्तर कोणी दिले नाही. उत्तर माझ्याबद्दलच होते, म्हणून थोडे बोलतो. सगळे नीट सांगता येईलच, असा भरवसा मला नाही.

मी एक जुना तेलाचा बुधला आहे. पाण्यात सूर मारणाऱ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्याच्या पोटाची पिशवी वाळवून मला केले. कड्यावरच्या पक्ष्यांचे तेल माझ्यात भरत आणि सुईण ओइरिक मला खुंटीला टांगी. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर समुद्रात, आमचे बेट आहे. तिथे मूल जन्मले की ओइरिक माझ्यातले तेल त्याच्या बेंबीला लावी. तिच्या आईनेही तेच केले होते. बायका मला दुवा देत. मला अभिमान वाटे.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी बाळ दूध ओढेनासे होई. जबडा मिटे. आठवा दिवस बहुतेकांना दिसतच नसे. म्हणून आठ दिवस उलटेपर्यंत बाळासाठी अंगडे शिवायचे नाही, अशी बेटावर रीत होती. देवाची मर्जी, असे सगळे म्हणत. मीही तसेच मानत होतो.

ओइरिकची भाची मार्सली तीन बाळे पुरून ग्लासगोला गेली. तिथून तिचे पत्र आले. ओइरिकने ते हळूहळू, अक्षर लावत वाचले. ‘मावशी, इथली सुईण कात्री उकळते आणि बेंबीला काही लावत नाही. इथला माझा मुलगा जगला. तिकडचे तिघे तेलाने गेले का? एवढंच सांग.’

ओइरिकने पत्राची घडी घातली आणि माझ्या मागे खोचली.

पुढे आमचे पाद्री सुईणपण शिकायला शहरात जाऊन आले. येताना त्यांनी औषधाची बाटली आणि स्वच्छ कापड आणले. मार्सलीची धाकटी बहीण कात्रिअना तेव्हा ओइरिककडे बाळंतपणाला आली होती. तेल लावू नका, असे पाद्री विनवू लागले.

“पाद्रीबुवा, तुम्ही बाळंतपणं किती केलीत?” ओइरिकने विचारले. बायका हसल्या.

“एकही नाही,” ते म्हणाले. “पण पुरताना प्रत्येक वेळी मी होतो.”

मग कोणी हसले नाही.

कात्रिअनाला मुलगा झाला. सवयीने ओइरिकचा हात माझ्याकडे आला, आणि मागचे पत्र खाली पडले. ती त्याच्याकडे बघत राहिली. मला तिथेच ठेवून तिने आधणाचे पाणी घंगाळात ओतले, सोसवेल इतके निवू दिले आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग पाद्रींकडून बाटली मागून घेतली.

त्यानंतरचे दिवस मी खुंटीवरून मोजले. ते बाळ जगावे, असे मला वाटत होते. पण ते जगले तर आधीच्यांचे काय, हेही मला कळत होते. पाचव्या दिवशी पोर तासभर रडत होते. कात्रिअना घाबरली.

“रडू दे मेल्याला,” ओइरिक म्हणाली. “तोंड उघडतंय ना?”

नवव्या दिवशी तिने अंगडे शिवायला घेतले. ते शिवून झाल्यावर कागद घेतला.

दोष माझ्या तेलाचा होता, की हातांचा, की घरातल्या मातीच्या जमिनीचा, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मित्रांनो, मायेने केलेले सगळेच चांगले असते असे नाही. बाळाला हात लावण्याआधी ते धुवा. कोणी काही विचारले, तर सहा वर्षे लावू नका.

ओइरिकने लिहिले, ‘मार्सली, हो. तेल मीच लावलं. मला ठाऊक नव्हतं. कात्रिअनाचा मुलगा नऊ दिवसांचा झाला.’

आमच्याकडे टपाल लाकडी होडकुल्यात घालून समुद्रात सोडतात; पलीकडच्या किनाऱ्यावर ज्याला सापडेल तो ते पुढे पाठवतो. ते तरंगावे म्हणून त्याला फुगवलेली पिशवी बांधतात. ओइरिकने मला रिकामे केले, राखेने घासले आणि तोंड लावून फुंकले. जन्मभर मी तेल वाहिले होते. आता माझ्यात तिचा श्वास होता.

होडकुल्याच्या झाकणावर तिने चाकूने कोरले, ‘पत्र पुढे पाठवा. बुधला जाळा.’

स्कॉटलंडच्या किनाऱ्याकडे नेणारा वायव्येचा वारा सुटताच तिने आम्हाला पाण्यात सोडले.