वाऱ्याची पिशवी

“काय व्याही, वारा काय म्हणतोय?”

रोज सकाळी साडेनऊला बागेतल्या फोनवर रोपवे चालवणाऱ्या माझ्या व्याह्यांचा हाच प्रश्न येतो. रोपवेचं खालचं ठाणं डोंगराच्या आडोशाला आहे, तिथे वारा कळत नाही. म्हणून वाऱ्याची पिशवी, म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची लांबलचक कापडी नळी, आमच्या बागेतल्या टेकाडावर खांबाला बांधलेली आहे. ती आडवी फुगली की वारा जोरात; लोंबत राहिली की काही नाही. मी बागेतली मुलांची आगगाडी चालवतो, आणि पिशवी बघून सांगण्याचं कामही अकरा वर्षं माझ्याकडेच आहे. माझा शब्द ऐकला की व्याही ट्रॉली सोडतात.

त्या दिवशी पिशवी धुतलेल्या पायमोज्यासारखी लोंबत होती.

“जोरात आहे,” मी म्हणालो.

“अरेच्चा! इकडे तर पानसुद्धा हलत नाहीये.”

“तुमच्याकडे कधी हलतं हो?”

“तेही खरंच. बंदच ठेवतो मग. पण एकदा बंद केली की दुपारच्या तपासणीशिवाय सुरू करता येत नाही. आणि ठकीची बस एकची.”

“त्याला मी काय करणार?” असं म्हणून मी फोन ठेवला.

ठकी आमची नात, माझ्या मुलाची आणि त्यांच्या मुलीची लेक. दर सुट्टीत आठ दिवस येते. लहान असताना इंजिनात माझ्या मांडीवरून उठायची नाही. शिटीची दोरी तिच्याच हातात, दुसऱ्या पोराने हात लावला तर भोकाड. आणि यंदा? एक फेरी मारली आणि बाईसाहेब म्हणाल्या, “आता मी मोठी झाले.” त्यानंतर सकाळ-संध्याकाळ एकच धोशा, ट्रॉलीआजोबांकडे जायचं!

रात्री जेवताना ट्रॉलीचं पुराण. ढग खिडकीला कसा चिकटला, दरी कशी दिसली. आमची ही कौतुकाने ऐकायची आणि मी मुकाट्याने घास गिळायचो. अहो, ढग काय व्याह्यांनी घरी केले होते? पण खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट होत होता. सात दिवस डोक्यावरून ती ट्रॉली सरकत होती आणि सात दिवस मी हट्टाने रुळांकडे बघत होतो. शेवटचा दिवस तरी माझा असावा, एवढंच मला हवं होतं.

अकराच्या सुमारास ठकी आली. डोळे रडून लाल. बोट व्याह्यांच्या हातात.

“घ्या, आणलं तुमच्या गिऱ्हाइकाला,” व्याही हसत म्हणाले. “म्हटलं, आपणही बसू आज.”

ठकीची नजर मात्र थेट टेकाडावर गेली. “आजोबा, पिशवी तर झोपलीये!”

व्याह्यांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सकाळी होता गं वारा,” ते शांतपणे म्हणाले. “गाडीआजोबांनी सांगितलं म्हणून बरं. चल, बस.”

एवढे उंच गृहस्थ, मुलांच्या डब्यात गुडघे हनुवटीला लावून बसले. मी ठकीला इंजिनात घेतलं आणि दोरी तिच्या हातात दिली. सुरूच्या झाडांपाशी वळण येतं, तिथे मी नेहमी दोनदा शिटी देतो. न सांगता तिने बरोबर दोनदा ओढली.

“लक्षात आहे होय तुझ्या?”

“रोज ऐकते की! वरून.”

“वरून कुठून?”

“ट्रॉलीतून. बागेवर आली की ट्रॉलीआजोबा मिनिटभर थांबवतात. मीच सांगून ठेवलंय. मग मी तुम्हाला हात करते.” तिने ओठ बाहेर काढला. “तुम्ही एकदाही वर बघत नाही. आज आई मला न्यायला आलीये ना, तिलापण घेऊन जाणार होते. वरून तुमची गाडी सगळ्यात भारी दिसते.”

पुढे ती काय बोलली ते मला ऐकूच आलं नाही. गाडी फिरत राहिली. ठरलेल्या तीन फेऱ्या संपल्या तरी मी थांबवली नाही.

एकची बस गेली. खिडकीतून तिने आम्हा दोघांनाही हात केला.

अडीचला फोन वाजला.

“काय व्याही, वारा काय म्हणतोय?”

तोच आवाज, रोजच्यासारखा. मी फोन बाजूला ठेवला, बाहेर जाऊन पिशवी नीट बघितली आणि परत आलो.

“नाही,” मी म्हणालो. “सकाळीही नव्हता.”



“बरं,” ते म्हणाले. “सोडतो मग.”

पहिली ट्रॉली चाचणीची, रिकामीच असते. मी गाडी वळणापाशी आणून उभी केली, टोपी काढली आणि वर बघत राहिलो. ट्रॉली बागेवर आली आणि थांबली. खिडकीत कुणीच नव्हतं. मी दोनदा शिटी दिली.