वाढत्या अंगाचं कॅबिनेट

आमच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट दिवाळीनंतर वाढायला लागलं. घरी आणलं तेव्हा ते माझ्या गुडघ्याला लागायचं. संक्रांतीला कमरेपर्यंत आलं, आणि होळीला त्याच्या वरच्या जाळीतली धूळ काढायला मी स्टुलावर चढले होते. उगाच हवेत बोलायची मला सवय नाही. मी घाबरले होते, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको.

खरं म्हणजे तसं कॅबिनेट मीच मागून घेतलं होतं. निरंजनचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं होतं की एक तयार लॅपटॉप घ्यावा आणि त्याच संध्याकाळी गेम खेळायला बसावं. त्याचं सगळं असंच, भूक लागली की समोर ताट हवं. मी म्हटलं, गप रे, आज घेतलेलं बघता बघता जुनं होतं, मग पुन्हा नवीन घ्या. त्यापेक्षा सुटे भाग आणून जोडू, मोठं कॅबिनेट घेऊ, आत जागा मोकळी ठेवू आणि जमेल तसं वाढवत नेऊ. सासूबाईंना गेम म्हणजे काय ते कळत नाही, पण हे त्यांना लगेच पटलं. निरंजनचा शाळेचा गणवेश त्यांनी कधी मापाचा शिवून घेतलाच नाही. शिंप्याला सांगायच्या, वाढत्या अंगाचा शिवा. चौथीच्या फोटोत त्याची बोटंसुद्धा बाहीत गडप झालेली आहेत.

"मग हेही वाढत्या अंगाचंच घ्या," त्या म्हणाल्या.

सांगलीतल्या इंगवल्यांच्या दुकानात मी अगदी याच शब्दांत सांगितलं. इंगवले हसले नाहीत. आत गेले आणि एक काळं कॅबिनेट घेऊन आले. एका बाजूला काच, पुढच्या अंगाला पंखे.

"बघा वहिनी, हे आहे वाढत्या अंगाचं. नक्की ना? परत घेत नाही आम्ही."

"नक्की," मी म्हटलं.

मग बाकीचं घेतलं. मदरबोर्डवर रॅमच्या चार खाचा, त्यातल्या दोन भरल्या, दोन मोकळ्या सोडल्या. पॉवर सप्लाय गरजेच्या दुप्पट ताकदीचा, पुढे कमी पडायला नको म्हणून. गेममधली चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड तर घेतलंच नाही. त्याची खाच सगळ्यांत लांब असते, ती मोकळी ठेवली. तिच्या खालचीही जागा मोकळी ठेवली, कारण चांगली कार्डं जाड असतात, दोन खाचांची जागा खातात. "पुढच्या वर्षी भारीतलं घेऊ," मी निरंजनला म्हटलं. त्यानं तोंड वाकडं केलं, पण पिशव्या त्यानंच उचलल्या.

कॅबिनेट कमरेला आलं तेव्हा आमचा हॉलही लांबला. कॅबिनेटच्या मागे हवा खेळायला जागा लागते, ती हॉलनं करून दिली. सासूबाईंची खुर्ची टीव्हीपासून इतकी लांब गेली की बातम्या देणारी बाई त्यांना नखाएवढी दिसायला लागली. "चहा झाला का गं?" असं त्या तिकडून ओरडायच्या आणि मी ट्रे घेऊन चालायला लागायची. पोचेपर्यंत चहावर साय धरायची. निरंजन मात्र खूश होता. एवढा हॉल आपल्याला जन्मात परवडला नसता म्हणाला.

मग स्वयंपाकघरातली दोन्ही उलथनी नाहीशी झाली. सासूबाईंचा संशय भांडीवाल्या बाईवर, माझा निरंजनवर. पण कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर रॅम दुप्पट दिसत होती. मी काच उघडली. रॅमच्या ज्या खाचा आणल्या तेव्हा बोटभर होत्या त्या आता हातभर झाल्या होत्या, आणि मोकळ्या सोडलेल्या दोन खाचांत आमची उलथनी उभी बसलेली होती. टोकाच्या खिट्ट्यासुद्धा नीट लागल्या होत्या. मी एक ओढून काढलं. त्याच्या कडेला रॅमच्या पट्टीला असतात तसे सोनेरी दात आले होते, एका ओळीत, बारीक. घावनाचा वास अजून येत होता. पडदा काळा झाला म्हणून मी ते मुकाट्यानं परत बसवलं.

तेव्हा माझी नजर खालच्या लांब खाचेकडे गेली. तिच्यात अजून काहीच नव्हतं. मी घाईनं काच लावून टाकली.

त्या सुमाराला निरंजनचे शर्ट त्याला सैल व्हायला लागले होते. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, वर तूप. तो सगळं खायचा, पण अंगाला लागायचं नाही. बारीक झाला असंही म्हणता येईना. उंची तेवढीच, खांदे तेवढेच, फक्त जाडी चालली होती. समोरून बघितलं तर अख्खा निरंजन, बाजूनं बघितलं तर आधी फळीएवढा आणि मग पुठ्ठ्याएवढा.

"ऑफिसात कुणी काही म्हणत नाही?" मी विचारलं.

"कपाटामागे पडलेल्या फायली आता मीच काढून देतो," तो म्हणाला. "साहेब खूश आहेत."

एका सकाळी आंघोळ करून आला तेव्हा मी त्याची पाठ पुसत होते. पुसायला पाठ फार, पण जरा पलीकडे गेलं की लगेच पोट. डाव्या कडेवर, बगलेपासून मांडीपर्यंत, माझ्या हाताला काहीतरी गार लागलं. टॉवेल बाजूला केला. सोनेरी दात होते, एका ओळीत, बारीक.

"दुखतंय का रे?"

"नाही गं. जरा शिरशिरतं, एवढंच."

मी टॉवेल त्याच्या अंगावर टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवरा जाणार, हे मला त्या क्षणी कळलं. कुठे जाणार तेही कळलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. सासूबाई कणीक मळत होत्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

मग मी डोळे पुसले, हॉलच्या त्या टोकाला चालत गेले आणि कॉम्प्युटरची पिन भिंतीतून उपसली. पंखे थांबले. निरंजन सोफ्यावर पेपर वाचत होता, त्याच्या हातातून पेपर गळला. ओठ निळे पडले, मान लुळी झाली. "अगं बाई, माझं लेकरू!" सासूबाई किंचाळल्या. मी पिन परत खुपसली, घाईत दोनदा चुकली. पंखे फिरले. निरंजननं श्वास घेतला आणि पेपर कुणी घेतला म्हणून विचारलं.

भिंतीवरच्या त्या पिनेच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. सासूबाईंनी त्याच्यावर चिकटपट्टी मारली आणि वर हळदकुंकू वाहिलं. सोमवारी आमच्याकडे लाइट जाते, म्हणून वरच्या मजल्यावरच्यांचा इन्व्हर्टर मागून आणला.

आता एकच उपाय होता. खाच निरंजनच्या आधी दुसऱ्या कशानं तरी भरायची. मी इंगवल्यांना फोन लावला.

"ग्राफिक्स कार्ड घेऊन या. तुमच्याकडे सगळ्यांत मोठं असेल ते."

"पुढच्या वर्षी घेणार होता ना?"

"आत्ता या हो. पाया पडते तुमच्या."

ते जेवणाच्या वेळेला खोकं घेऊन आले. चपला काढून हॉलमधून चालत आले आणि कॅबिनेटसमोर उभं राहून त्यांनी मान वर केली. ते छताला टेकलं होतं.

"चांगलं वाढलंय की हो," ते म्हणाले.

काच आता दाराएवढी होती. इंगवले ती उघडून आत शिरले, उलथन्यांच्या बाजूनं वाकून गेले आणि त्यांनी कार्ड लांब खाचेवर धरलं. कपाटात काडेपेटी ठेवावी तसं ते दिसत होतं. त्यांनी हात सोडला. कार्ड खाचेतून घरंगळलं, खाली कुठेतरी आपटल्याचा आवाज आला, आणि पुन्हा दिसलं नाही. इंगवले हात झटकत बाहेर आले.

"एवढ्या मापाचं कार्ड येत नाही, वहिनी."

"मग काय येतं?"

त्यांनी निरंजनकडे पाहिलं. त्याला आता खुर्चीत बसता येत नव्हतं, म्हणून आम्ही भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यानं इंगवल्यांना नमस्कार केला. दोन्ही हात जुळले तेव्हा एका हातासारखेच दिसले.

"जागा तुम्ही सोडली आहे," इंगवले म्हणाले. "कॅबिनेट वाट बघणारच."

"बुजवून टाका मग ती! सिमेंट ओता, काहीही करा!"

"बुजत नाही ती. भरावी लागते." सासूबाईंनी दिलेला चहा त्यांनी उभ्यानंच प्यायला, कप खाली ठेवला आणि ते गेले. जाताना दार ओढून घेतलं नाही.

त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ पंख्यांचा वेग वाढला. पुढचे पंखे बाहेरची हवा आत ओढतात, त्यांचं कामच ते. खिडकीचे पडदे कॅबिनेटच्या दिशेनं आडवे झाले. कॅलेंडर खिळ्यावरून निघून गेलं. निरंजन भिंतीवरून सरकला. मी धावत जाऊन त्याचे पाय धरले, तर पाय माझ्या मुठीत चुरगळले, आणि मी घाबरून पकड सैल केली.

"आई, धरा हो त्याला!"

सासूबाईंनी कपाटातून नऊवारी ओढून आणली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं निरंजनच्या कमरेला बांधायला गेल्या. गाठ बसेना. बांधायला कंबरच कुठे राहिली होती! "देवा रे, देवा रे," असं म्हणत त्या पुन्हापुन्हा वेढे घेत होत्या आणि लुगडं त्याच्या अंगावरून निसटत होतं. तो जमिनीपासून वर उचलला गेला होता. त्याची सोनेरी कड बरोब्बर कॅबिनेटकडे वळलेली होती.

"सोड गं, शलाका," तो म्हणाला. "बरं वाटतंय. वारा छान आहे."

"गप बस! गप बस म्हणते ना!" मी इतक्या जोरात ओरडले की माझाच आवाज फाटला. "तू कुठेही जायचं नाहीस!"

पण तो चालला होता. मी निरंजनएवढीच उंच आहे. लग्नातसुद्धा मला सपाट चपला घालायला लावल्या होत्या. त्याच्यासारखी चपटी मात्र मी नव्हते, चांगली भरलेली आहे, आणि खालची जागा मोकळी होतीच. फार विचार केला नाही. करत बसले असते तर पाय उचलला नसता. मी त्याचे पाय सासूबाईंच्या हातात दिले, काचेच्या दारातून आत गेले, लांब खाचेकडे पाठ केली आणि अंग मागे रेटलं.

खट् असा आवाज झाला.

मानेपासून टाचेपर्यंत गार काहीतरी आत शिरलं. दुखलं नाही, शिरशिरलं. पंखे मंद झाले. पडदे खाली आले. निरंजन फरशीवर पडला, आणि पडल्याचा आवाज अख्ख्या माणसाचा आला. तो कुशीवर वळून खोकत होता. त्याला पाठ होती, पोट होतं, बरगड्या वरखाली होत होत्या. मला इतका आनंद झाला की मी हसले.

"आई," मी म्हटलं, "तेवढी खिट्टी काढा. माझ्या मागे आहे, हात पोचत नाही."

सासूबाई उठल्या आणि दारापाशी आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागे वळून निरंजनकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात पुढे आला आणि माझ्या गालावर थांबला.

"बस गं जरा," त्या म्हणाल्या. "त्याला दम खाऊ दे."

"आई, खिट्टी."

त्यांनी हात मागे घेतला आणि काच लावली. तिच्यावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते, ते त्यांनी पदरानं पुसून काढले. मी हाका मारल्या. हाका पंख्यांबरोबर मागच्या बाजूनं बाहेर गेल्या.

निरंजन उठून उभा राहिला. त्यानं पोट चाचपलं, शर्टाची बटणं ताणून बघितली. त्याचे ओठ हलले, बहुतेक मी कुठे गेले असं विचारलं असावं. सासूबाईंनी त्याच्याकडे न बघता उत्तर दिलं आणि त्या लांबलचक हॉलमधून स्वयंपाकघराकडे चालत गेल्या. मग त्यानं खुर्ची ओढली आणि तो पडद्यासमोर बसला.

पडदा मला काचेतून तिरका दिसत होता. गेमचं चित्र कधी नव्हतं एवढं स्वच्छ आलं होतं. माळरान होतं, गवताची पातीनपाती वेगळी दिसत होती, आणि मधोमध एक बाई पाठमोरी उभी होती. तिच्या अंगावर माझा कुर्ता होता. निरंजन पुढे झुकला. मी काचेवर मूठ आपटायला हात उचलायचा प्रयत्न केला. त्यानं कीबोर्डवर बोट ठेवलं आणि दाबलं.

माझा उजवा पाय पुढे पडला.