डाव्या पायाचा जोर

स्प्रिंग तीन बोटांत मावेल एवढीच, पण अंगठ्याला दाद देत नव्हती – आणि अशा नऊ, क्लच दाबून धरणाऱ्या तव्याएवढ्या प्रेशर प्लेटमध्ये गोल बसलेल्या... मिस्त्रीने उगाचच पुन्हा अंगठा लावून पाहिला. शेजारी दुसरी प्लेट होती, पातळ, हलक्या पायानेही दबणारी. पण चढावर, जीपमध्ये मागे औषधांच्या पेट्या असताना, ती घसरली तर?

जुना गिअरबॉक्स फुटला म्हणून त्याने छोट्या ट्रकचा आणून जीपखाली बसवला होता, इथवर ठीक. त्याला क्लच कुठला द्यायचा आणि पेडलपासून तिथपर्यंत जोर कसा पोचवायचा, यावर तो तीन आठवडे अडून बसला होता. गिऱ्हाइकाची गाडी असती तर हाच निर्णय त्याने चहा संपायच्या आत घेतला असता. पण ही जीप सिस्टरची होती.

सिस्टर म्हणजे त्याची बायको. अठ्ठावीस वर्षं हीच जीप हाकत डोंगरातल्या वस्त्यांवर लशी टोचत फिरलेली, चाक रुतलं तर स्वतः उतरून दगड लावणारी, आणि घरी आल्यावर "क्लच अगदी तुमच्यासारखा झालाय हो, दोनदा सांगितल्याशिवाय हलत नाही" म्हणणारी... मागच्या थंडीत तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात परत आला, बोलणं आलं; पाय अर्धवटच आला. तोही डावा – नेमका क्लचचा. "मी परत जाणार आहे," असं ती रोज एकदा तरी म्हणायची आणि तो रोज मान डोलवायचा.

तिला सरळ विचारायची त्याची छाती झाली नव्हती. त्याने वजनकाटा भिंतीला टेकवून उभा केला, पुढ्यात खुर्ची ठेवली, आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय असं धडधडीत खोटं बोलून तिला पायाने दाबायला लावलं. काटा चौदावर थांबला. चौदा किलो! तेव्हापासून तो आकडा त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसला – जेवताना, अंघोळीला, लोकांच्या गाड्यांखाली पडल्यापडल्या. जुना लोखंडी दांडा नव्या गिअरबॉक्सपर्यंत पोचत नव्हता, म्हणजे तेलाच्या दाबाने जोर पोचवणारी नळी आली. नळीचा पेडलकडचा सिलिंडर बारीक घेतला की पेडल हलकं होतं, पण मग ते लांबवर दाबत न्यावं लागतं, आणि सिस्टरचा गुडघा तर... जोर वाचवावा तर अंतर वाढतं, अंतर वाचवावं तर जोर. सगळं चौदात बसवायचं होतं आणि बसत नव्हतं.

काठीचा आवाज आला तसं त्याने जड प्लेटवर घाईघाईने फडकं टाकलं.

"झाका, झाका," दारातून सिस्टर म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं!"

ती दांडी धरून जीपमध्ये चढली – पुढे झालेला त्याचा हात तिने नजरेनेच मागे सारला – आणि स्टिअरिंगवरची धूळ तळव्याने पुसली. पेडलला अजून काहीच जोडलेलं नव्हतं, ते नुसतंच खाली गेलं. तरी तिने ते दोनदा दाबलं. काय शोभत होती ती तिथे! आपला या बाईवर किती जीव आहे, हे त्याला एकदम कळलं.

"हलकाच बसवतो," तो म्हणाला. "चौदा किलोत जमेल असं काहीतरी..." आणि त्याने जीभ चावली.

ती हसली. "म्हणजे हा डॉक्टरांचा व्यायाम! अहो, मला तेव्हाच कळलं होतं. वजनकाटा भिंतीला लावायला सांगणारा डॉक्टर कुठे पाहिलाय?" मग काचेतून समोर बघत, जरा हळू, "पण मी पूर्ण दाबलंच नव्हतं."

"का गं?"

"पूर्ण दाबलं असतं, आणि काटा तिथेच राहिला असता तर?"

चौदाच्या वर किती – एक किलो, दहा, की काहीच नाही... काटा आतल्या खोलीत होता, दोन मिनिटांचं काम. पण त्याला उठावंसं वाटेना. तो चौदाचा आकडा घेऊन बसला होता, ती न दाबलेला जोर जपत बसली होती, आणि दोघं रोज समोरासमोर जेवत होती! तो वळसा घालून तिच्या शेजारच्या सीटवर चढला. हात काळे होते, तरी तिने त्यातला एक ओढून आपल्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. त्याने तो तसाच राहू दिला. भीती काही गेली नव्हती. फक्त इतके दिवस ती त्याला आपल्या एकट्याचीच वाटत होती.