बोललं की गेलं

अठरा वर्षं मी रेडिओवर सकाळी आठ ते नऊ गाणी लावते आणि मधेमधे बोलते. माझी धाकटी बहीण कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून बोलते. आवाज घुमू नये म्हणून. तिथे ती मोबाइलवर गप्पा रेकॉर्ड करते आणि लोक त्या कानात घालून फिरतात. किती लोक, ते आमच्या स्टेशनच्या साहेबांनी मला मुद्दाम आकड्यासकट दाखवलं. "बाई, बहिणीकडून काहीतरी शिका," म्हणाले. मी हसले. आतून नुसती जळत होते.

तरी चाललं असतं, कारण माझं एक माणूस पक्कं होतं. आई. माझी चूक झाली की नऊच्या आत ड्यूटी रूममधला फोन खणखणायचाच. "तिला सांगा, ही चाल त्या संगीतकाराची नव्हे!" सगळ्यांसमोर माझी शोभा व्हायची, आणि मला मनातून छान वाटायचं.

मागच्या महिन्यात धाकटीने आईला एक छोटा प्लेअर आणून दिला, स्वतःच्या गप्पा ठासून भरलेला. तेव्हापासून फोन गप्प. तीन आठवडे मी स्वतःची समजूत घातली की माझ्या चुकाच होत नसतील. मग राहवेना. सोमवारी मी एका गाण्याचा संगीतकार जाणूनबुजून चुकीचा सांगितला. शुकशुकाट. मंगळवारी एका गायिकेचं गाणं तिच्या हाडवैरिणीच्या नावावर खपवलं. तरी काही नाही. बुधवारी, म्हणजे आज, डोकंच फिरलं आणि मी आठ वाजून दहा मिनिटांनी सांगितलं, "सव्वानऊ वाजलेत."

फोन आला. कोणी एक गृहस्थ होते, अर्धी दाढी तशीच ठेवून ऑफिसला धावत सुटले होते म्हणे. म्हणजे मला ऐकणारा निदान एक माणूस होता, आणि त्यालाही मी घालवला. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तो खरडून त्यांच्या टेबलावर टाकला आणि मी तडक आईकडे गेले.

आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. कानात इयरफोन, आणि एकटीच खुदुखुदु हसत होती. रेडिओ फळीवर बंद होता आणि त्याच्यावर कांद्याची टोपली.

मी तिच्या कानातली एक वायर ओढली. "आज माझं ऐकलंस?"

"नंतर ऐकणारे."

"नंतर म्हणजे?"

"अगं, साठलंय तुझं. धाकटीचं एवढं संपलं की रोज तुझं दोन-दोन दिवसांचं ऐकून टाकते. बरं झालं आलीस. रेडिओवर मागचं ऐकायला कुठलं बटण दाबायचं?"

मी बघतच राहिले. "आई, रेडिओला असलं बटण नसतं."

"पूर्वी नव्हतं गं. पण आता सगळंच राहतं ना मागे?"

"आमच्याकडे नाही राहत. बोललं की गेलं."

तिचा शेंगेवरचा हात थांबला. "तीन आठवड्यांचं सगळं?"

"सगळं."

तिचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, जिवाला गार वाटलं.

"तिचं नवीन म्हणून आधी तिचं घेतलं," ती म्हणाली. "म्हटलं, तू काय, तू कुठे जातेस!"

हे मात्र लागलं.

आईने दुसरी वायरही काढली, इयरफोन ओट्यावर ठेवले, शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले. "चल, आज काय काय बोललीस ते सांग. पहिल्यापासून. गाळायचं काही नाही."

मी उभीच राहिले. बसून माझा आवाज लागत नाही. "नमस्कार. सकाळचे आठ वाजलेत..."

ओट्यावरून धाकटीची बारीक किरकिर चालूच होती. आईने प्लेअर बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," मी म्हटलं. "जाऊ दे थोडं तिचंही वाया."