ज्ञानेशच्या नावावरची गाडी

चाकणच्या कंपनीत अकरा वर्षं गाड्यांची दारं बसवूनही धम्मरत्न कंपनीच्या लेखी कामगार नव्हता, ठेकेदाराचा माणूस होता. कँटीनमधली आमटी सगळ्यांना सारखीच पातळ, पण नव्या गाडीवरची सत्तर हजारांची सूट फक्त कायम कामगारांना. कायम माणसाने बसवलेलं दार जास्त घट्ट लागतं की काय, ते कंपनीच जाणे!

त्याच्या शेजारी उभा राहणारा ज्ञानेश मात्र कायम होता, आणि मनाने दिलदार. शिफ्ट सुटताना एकदा तोच म्हणाला, "भावा, माझ्या नावावर घे की. दोन वर्षांनी तुझ्या नावावर करून देतो." सूट घेतलेली गाडी दोन वर्षं विकायची नाही, असा नियम होता. दुसऱ्यासाठी सूट घेतली तर दोघांनाही घरी बसवू, असाही कागद गेटवर चिकटवलेला होता. पण लाइनवरच्या कितीतरी जणांनी हेच केलं होतं.

वर्षालीला, त्याच्या बायकोला, ते पटलं नव्हतं. "गाडी आपली आणि नाव दुसऱ्याचं?" ती म्हणाली. पण तिचं शिवणकाम आणि त्याचा ओव्हरटाइम मिळून सहा वर्षांत जमलेली पुंजी होती. त्यातले सत्तर हजार वाचत होते, मग तीही तयार झाली. रक्कम ज्ञानेशच्या हातात दिली. मित्राकडून कसली पावती घ्यायची?

शोरूममध्ये धम्मरत्नने अशी घासाघीस केली की सेल्समन रडकुंडीला आला. सीटकव्हर फुकट, मॅट फुकट, वर पहिल्या सर्व्हिसचं तेलही फुकट. फक्त दर वेळी सेल्समन ज्ञानेशकडे वळून विचारायचा, "मग फायनल करू ना, सर?" गाडीला हार घालून फोटो काढला तोही ज्ञानेशचाच. धम्मरत्नला त्याचं काहीच वाटलं नाही. सौदा झकास झाला होता.

तिसऱ्या महिन्यात ज्ञानेशच्या बहिणीला, विजयश्रीला, बघायला पाहुणे यायचे ठरले. याआधी चार स्थळं नाही म्हणून गेली होती. "राव, तेवढं पाहुण्यांना चाकणवरून चिंचवडला आणशील का?" ज्ञानेशने विचारलं. धम्मरत्न हौसेने गेला. गाडीत बसल्यावर कळलं, मुलगा त्यांच्याच कंपनीत, कामगारांच्या नेमणुका-बडतर्फी बघणाऱ्या पर्सनल ऑफिसात आहे.

"गाडी नवी दिसती," मुलाचे मामा कोंडाजी म्हणाले. "कुणाची हाय?"

धम्मरत्नने आरशातून मागे बसलेल्या मुलाकडे पाहिलं. "ज्ञानेशरावांची," तो म्हणाला.

"आन् तुमी ड्रायव्हर व्हय?"

त्याने मान डोलावली. दुसरं करणार काय?

घरी कांदेपोहे आत गेले आणि धम्मरत्नचा चहा बाहेर ओट्यावर आला. ज्ञानेशनेच आणून दिला. "आजच्या दिवस सांभाळून घे, भावा," तो पुटपुटला. त्याला शरम वाटत होती, हे धम्मरत्नला दिसलं. म्हणून त्याने चहा घेतला.

मुलगी पसंत पडली. मग कोंडाजींनी घसा खाकरला. "आमाला हुंडा-बिंडा काय नको. फकस्त ती दारातली गाडी पोरीसंगं पाठवा. दोन वर्षं विकता येत न्हाई, ते पोरानं सांगितलंय. आमी कुठं विकतोय? नाव राहू द्या तुमचंच."

धम्मरत्न ताडकन उठून दारात आला. ज्ञानेशने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग विजयश्रीकडे. विजयश्रीच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं हसू होतं. ज्ञानेशने मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं, मामा."

धम्मरत्नला इतका राग आला की त्याने उंबरा ओलांडला. गाडी माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर पर्सनलचा मुलगा बसला होता. एका वाक्यात दोघांची नोकरी गेली असती, आणि पोरीचं लग्नही. शिवाय पुरावा कुठे होता? वर्षालीला आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

कोंडाजींचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "काय वो ड्रायव्हर, ॲव्हरेज कसं देती गाडी?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. ज्ञानेश तेवढा बघत नव्हता.

"वीसचं देते," धम्मरत्न म्हणाला. "काळजीच नको."